बटाट्याची खाज आणि मुंबईच्या पिसवा

तर झालं असं की ताई दोन वर्षांसाठी ऑनसाइट गेली आणि जाताना तिचा गिनीपिग माझ्याकडे ठेवून गेली. त्याचं नाव बटाटा. रंग, आकार आणि आयुष्याकडे बघण्याचा एकूण दृष्टिकोन पाहता त्याला दुसरं नाव शोभलंच नसतं. (पुढे वाचताना कळलं की गिनीपिग आणि बटाटा दोघेही मुळात एकाच गावचे, दक्षिण अमेरिकेतल्या अँडीज पर्वतातले. ताईला हे माहीत नव्हतं, तिने आपलं दिसण्यावरून ठेवलं.)

पहिले चार महिने छान गेले. मी घरी आलो की 'वीक वीक' करून कोथिंबीर मागायचा, कोथिंबीर मिळाली की मला विसरायचा. मग तो खाजवायला लागला. आधी मी लक्ष दिलं नाही. आमचं रिलीज होतं आणि रिलीजच्या आठवड्यात मी स्वतःकडेही लक्ष देत नाही. पाठीवरचे केस विरळ झाले, कातडीवर कोंड्यासारखं दिसायला लागलं तेव्हा जवळच्या एका पेट शॉपमध्ये गेलो. तिथल्या माणसाने बटाट्याला न बघताच निदान केलं, "जंत झाले असतील, हे द्या." कुत्र्याच्या पिल्लांसाठीचं जंताचं सिरप होतं. मी शहाण्यासारखं दोन दिवस पाजलं. एरवी प्रॉडक्शनचा लॉग न बघता कोणी फिक्स टाकला तर मी त्याच्यावर उखडतो, हे इथे नमूद करून ठेवतो.

तिसऱ्या रात्री दीडच्या सुमाराला पिंजऱ्यातून धडपडण्याचा आवाज आला. बटाटा आडवा पडला होता, पाय ताणलेले, अंग आकडीत झटके देत होतं. मिनिटभरच चाललं असेल. मी त्याला टॉवेलमध्ये धरून बसलो होतो आणि डोक्यात एकच विचार, ताईला काय सांगू? सकाळी हाफ डे टाकला आणि लहान प्राणी बघणाऱ्या एका डॉक्टरबाईंकडे गेलो.

त्यांनी सिरपची बाटली पाहिली आणि विचारलं, "याला जंत झालेत असं कोणी सांगितलं तुम्हाला?" मी गप्प. त्यांनी ब्लेडने कातडीचा जरासा भाग खरवडला, काचेवर तेलाच्या थेंबात ठेवला आणि मायक्रोस्कोपखाली सरकवला. मग मलाही बघू दिलं. एक गोलसर, जवळजवळ पारदर्शक जीव, आखूड पाय, हळूहळू हलतोय. ट्रिक्सॅकारस केव्हिई. गिनीपिगचा खरजेचा किडा. हा कातडीत बोगदे काढून राहतो आणि त्याची खाज इतकी भयानक असते की खाजवता खाजवता प्राण्याला आकडी येऊ शकते. आदल्या रात्री मी पाहिलं ते हेच. फेन, होवेल आणि हायट या तिघांनी या किड्याचं वर्णन केलं ते १९७२ साली. म्हणजे हजारो वर्षं माणसाबरोबर राहणाऱ्या प्राण्याचा इतका छळणारा किडा, पण त्याला नाव मिळालं ते माणूस चंद्रावर जाऊन आल्यावर.

जंतांबद्दल डॉक्टरबाई म्हणाल्या ते थोडक्यात सांगतो, कारण माझ्यासारखे अजून असतील. गिनीपिगला स्वतःचा एक जंत असतो, पॅरास्पिडोडेरा अनसिनाटा, मोठ्या आतड्याच्या सुरुवातीला राहतो आणि बहुतेक वेळा काही त्रास देत नाही. घरात एकट्या राहणाऱ्या गिनीपिगला कुत्र्यासारखं कॅलेंडर लावून जंताचं औषध द्यायची गरज नसते. शंका असेल तर लेंड्या मायक्रोस्कोपखाली बघायच्या, अंडी दिसली तर औषध. आधी बघायचं, मग द्यायचं. त्यातून गिनीपिगचं आतडं फार नाजूक. तोंडावाटे दिलेलं पेनिसिलिनसुद्धा त्याचा जीव घेऊ शकतं, कारण आतड्यातले उपयोगी जीवाणू मरतात आणि नको ते माजतात. मी पाजलेल्या सिरपने काही बिघडलं नाही हे बटाट्याचं नशीब. माझी अक्कल त्यात कुठेच नव्हती.

मग त्यांनी एका बाटलीतून अगदी थोडं औषध ओढलं आणि टोचलं. दहा दिवसांनी परत आणा, त्यानंतर परत एकदा. मी बाटलीवरचं नाव वाचलं. आयव्हरमेक्टिन.

हे नाव आपण सगळ्यांनी ऐकलंय. २०२० आणि २०२१ मध्ये तर घराघरात होतं. त्यावर पुढे येतोच. पण त्या दिवशी मला प्रश्न पडला तो साधा होता. एक किलोच्या आतला हा प्राणी, त्याच्या कातडीत मोजता येणार नाहीत इतके किडे, आणि एका थेंबापेक्षा कमी औषधाने ते मरणार? हे औषध आलं कुठून? तिथून दोन वीकेंड गेले.

आलं ते जपानमधल्या एका गोल्फ कोर्सजवळच्या मातीतून.

सातोशी ओमुरा यांचा जन्म १९३५ चा, यामानाशी प्रांतातल्या निरासाकीचा. घरची शेती. कॉलेज झाल्यावर ते तोक्योत एका तांत्रिक शाळेच्या रात्रीच्या वर्गाला शिकवायचे. मुलं दिवसभर कारखान्यात काम करून यायची. एका परीक्षेत त्यांनी पाहिलं की एक मुलगा पेपर लिहितोय आणि त्याच्या हाताला अजून कारखान्याचं ग्रीस आहे. हा मुलगा इतकं करून शिकतो, मग मी काय करतोय, असं त्यांना वाटलं आणि ते पुन्हा विद्यार्थी झाले. १९६५ मध्ये कितासातो इन्स्टिट्यूटमध्ये दाखल झाले. कामाचं स्वरूप असं की मातीतले जीवाणू वेगळे करायचे, वाढवायचे आणि ते काही उपयोगी रसायन बनवतात का ते पाहायचं. स्ट्रेप्टोमायसिन असंच मातीतून आलं होतं. ओमुरा खिशात कायम प्लॅस्टिकची छोटी पिशवी ठेवायचे, जातील तिथली चमचाभर माती घ्यायचे.

१९७३ मध्ये अमेरिकेतल्या मर्क कंपनीशी करार झाला. ओमुरांनी जीवाणू निवडून पाठवायचे, मर्कने ते प्राण्यांच्या रोगांवर तपासायचे. तिकडे परजीवींचं काम बघणारा माणूस होता विल्यम कॅम्बेल, आयर्लंडमधल्या रॅमेल्टनचा, जन्म १९३०. मर्कची चाचणी डोकेबाज होती. जंत झालेल्या उंदरांच्या खाण्यातच जीवाणू वाढवलेला रस मिसळायचा आणि कोणाचे जंत जातात ते बघायचं. रसात नेमकं काय आहे ते कळायची आधी गरजच नाही. आउटपुट बघा, मग आत शिरा. ओमुरांकडून पन्नासेक नमुने आले होते. त्यातला एक, इतो शहराजवळच्या कावाना इथल्या गोल्फ कोर्सलगतच्या मातीतला, विलक्षण निघाला. उंदराच्या पोटातले जंत साफ. त्या जीवाणूला पुढे नाव मिळालं स्ट्रेप्टोमायसिस अॅव्हरमिटिलिस. आजवर जगात जेवढं आयव्हरमेक्टिन बनलं त्याचं मूळ त्या चमचाभर मातीत आहे.

जीवाणू बनवतो ते अॅव्हरमेक्टिन. मर्कच्या रसायनतज्ज्ञांनी त्यातला एक दुहेरी बंध हायड्रोजनने भरून टाकला आणि ते जास्त सुरक्षित झालं, ते आयव्हरमेक्टिन. १९८१ मध्ये जनावरांसाठी बाजारात आलं. त्याआधीही जंताची औषधं होती. फिनोथायाझिन १९३८ पासून, थायाबेंडाझोल १९६१ पासून (त्यातही कॅम्बेल यांचा हात होता). पण ती जंतांपुरती. हे नवीन औषध आतले गोल जंत मारायचं आणि बाहेरचे खरजेचे किडे, उवाही मारायचं, आणि तेही किलोला मिलिग्रॅमच्या काही दशांश भागात. काही वर्षांतच ते जनावरांच्या औषधांत जगात सर्वांत जास्त खपणारं झालं.

ते काम कसं करतं हे मला फार आवडलं. किडे आणि जंत यांच्या नसांमध्ये क्लोराइडची एक खास वाट असते, ती ग्लुटामेटने उघडते. आयव्हरमेक्टिन तिला चिकटतं आणि उघडीच ठेवतं. नस बंद पडते, किडा लुळा होतो, मरतो. सस्तन प्राण्यांत ही वाट नाहीच. तिच्याशी साधर्म्य असणाऱ्या वाटा आपल्या मेंदूत आहेत, पण मेंदूच्या दाराशी एक पंपासारखं प्रथिन पहारा देतं आणि औषधाला बाहेर ढकलतं. कॉली जातीच्या अनेक कुत्र्यांत हा पहारेकरीच बिघडलेला असतो, जनुकात एक तुकडा गायब. म्हणून दुसऱ्या कुत्र्याला काही न करणारा डोस कॉलीला मारू शकतो. नेमका जनुकातला हा दोष २००१ मध्ये सापडला. अंड्यांवर मात्र औषध चालत नाही. म्हणून दहा दिवसांनी पुन्हा, मधल्या काळात फुटलेल्या अंड्यांतल्यांसाठी. डॉक्टरबाईंच्या "परत आणा"मागे हे होतं.

इथे एक हिशोब करून दाखवतो, नंतर कोणी घरी प्रयोग करायला नको. गाईगुरांच्या इंजेक्शनच्या बाटलीत मिलीलिटरला १० मिलिग्रॅम आयव्हरमेक्टिन असतं. ९०० ग्रॅमच्या गिनीपिगला लागतं अर्ध्या मिलिग्रॅमच्या आत. म्हणजे ०.०५ मिलीलिटरपेक्षा कमी, एका थेंबाच्या आत. सिरिंजवर रेघ जराशी चुकली तर दुप्पट. घोड्यांसाठीची पेस्ट मिळते ती पाच-सहाशे किलोच्या जनावरासाठी असते. वजनाचा काटा, मायक्रोस्कोप आणि हे काम रोज करणारा माणूस, या तिन्ही गोष्टी माझ्या किचनमध्ये नाहीत.

आता माणसांकडे येतो, कारण या औषधाची मोठी गोष्ट तिथे आहे. १९७८ च्या सुमाराला मर्कमध्ये लक्षात आलं की घोड्यांच्या कातडीत राहणाऱ्या ऑन्कोसर्का नावाच्या जंताच्या पिल्लांवर हे औषध चालतं. आणि त्याच ऑन्कोसर्काचा एक भाऊ आफ्रिकेत नद्यांकाठच्या लाखो माणसांना आंधळं करत होता. नदीवरची काळी माशी चावते, जंत अंगात शिरतात, त्यांची पिल्लं कातडीत आणि डोळ्यांत फिरतात. आधी असह्य खाज, मग अंधत्व. सुपीक नदीकाठ सोडून गावंच्या गावं उठून गेली होती. कॅम्बेल यांनी वरिष्ठांना लिहून कळवलं की माणसांत हे तपासून पाहावं. १९८१ मध्ये मोहम्मद अझीझ या मर्कच्या डॉक्टरांनी सेनेगलमध्ये डकारला पहिली चाचणी घेतली. अझीझ मूळचे आपल्या शेजारचे, आजच्या बांगलादेशातले. औषध चाललं. पण ज्यांना हवं होतं त्यांच्याकडे पैसे नव्हते आणि त्यांच्या सरकारांकडेही नव्हते. ऑक्टोबर १९८७ मध्ये मर्कचे प्रमुख रॉय व्हॅगेलोस यांनी जाहीर केलं की या रोगासाठी औषध फुकट देऊ, लागेल तितकं आणि लागेल तितकी वर्षं. कॉर्पोरेट घोषणा ऐकून डोळे फिरवायची सवय आपल्याला इतकी लागलीय की मी दोनदा तपासून पाहिलं. ते आजही चालू आहे. कोलंबिया २०१३ मध्ये या रोगातून मुक्त झाला, मग इक्वेडोर, मेक्सिको, ग्वाटेमाला. आफ्रिकेतला पहिला देश नायजर, जानेवारी २०२५ मध्ये.

आपल्याकडे नदीवरचं अंधत्व नाही, पण हत्तीरोग आहे. त्यावर तीन औषधं एकत्र द्यायची मोहीम भारतात २०१८ च्या शेवटी सुरू झाली, डीईसी, अल्बेंडाझोल आणि तिसरं हे आयव्हरमेक्टिन. सुरुवातीच्या पाच जिल्ह्यांत आपलं नागपूर होतं. नागपूरच्या माझ्या एका टीममेटला हे सांगितलं तर तो म्हणाला, "अरे, आमच्या घरी आल्या होत्या की आशाताई, समोर गोळ्या खायला लावल्या!" गोळी कुठल्या मातीतून आली ते त्याला माझ्याकडून कळलं.

आणि कोव्हिड. मे २०२१ मध्ये गोवा सरकारने १८ वर्षांवरच्या सगळ्यांना आयव्हरमेक्टिन द्यायचं जाहीर केलं होतं. त्याआधी मार्चमध्येच जागतिक आरोग्य संघटनेने चाचण्यांबाहेर ते कोव्हिडसाठी वापरू नका असं सांगितलं होतं. २०२२ मध्ये मोठ्या चाचण्यांचे निकाल आले, फायदा दिसला नाही. त्या काळात आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर जे चालायचं ते आठवलं की पेट शॉपवाल्याला दोष द्यावासा वाटत नाही. माझ्या आईने दोन पट्ट्या आणून ठेवल्या होत्या, त्या अजून औषधांच्या डब्यात आहेत. २०१५ मध्ये ओमुरा आणि कॅम्बेल यांना नोबेल मिळालं ते जंतांवरच्या कामासाठी.

असो. इथपर्यंत आलो आणि म्हटलं झाला लेख. पण कितासातो इन्स्टिट्यूट या नावाने परत अडकवलं. ही संस्था काढली शिबासाबुरो कितासातो यांनी, १९१४ मध्ये. आणि हेच कितासातो १८९४ मध्ये हाँगकाँगला गेले होते, प्लेगचा जीवाणू शोधायला. तिथे ते आणि अलेक्झांडर येर्सिन, दोघे वेगवेगळे तोच शोध घेत होते. तो प्लेग पुढे बोटीने कुठे आला हे आपल्याला शाळेपासून माहीत आहे. सप्टेंबर १८९६, मुंबई, मांडवी. डॉ. अकासिओ व्हिएगस यांनी पहिला रोगी ओळखला. आणि या गोष्टीत एक गिनीपिग आहे. खरं तर बरेच.

आपण प्लेगचा इतिहास शिकतो तो रँडपासून. २२ जून १८९७, गणेशखिंड. त्याआधी मार्चमध्ये रुग्णांची सेवा करताना प्लेग होऊन सावित्रीबाई फुले गेल्या. सोजिरांनी घरात घुसून केलेल्या तपासण्या, सामान जाळणं, लोकांना छावण्यांत हलवणं हे सगळं आपण वाचलेलं असतं. पण मी कधी हा प्रश्न विचारलाच नव्हता की ते जे करत होते ते मुळात प्लेगवर चालणारं होतं का? जुलूम वेगळा, तो होताच. पण निदान?

निदान चुकलेलं होतं. जीवाणू माहीत होता. तो एका माणसातून दुसऱ्या माणसात जातो कसा हे माहीत नव्हतं. घाण, दमट जमीन, माणसाचा स्पर्श, कपडे, अनवाणी पायांच्या जखमा, सगळे तर्क चालू होते. म्हणून घरं कार्बोलिकने धुवायची, कौलं काढून ऊन आत घ्यायचं, माणसं वेगळी करायची. उंदीर मरतात हे सगळ्यांना दिसत होतं. वाल्देमार हाफकिन यांनी ग्रँट मेडिकल कॉलेजातल्या एका खोलीत लस बनवली आणि १० जानेवारी १८९७ ला आधी स्वतःला टोचून घेतली. तीच प्रयोगशाळा १८९९ मध्ये परळच्या जुन्या गव्हर्नमेंट हाउसमध्ये गेली, आजचं हाफकिन इन्स्टिट्यूट. (यांनी आधी बनवलेली कॉलऱ्याची लस, तिच्यासाठीचे जीवाणू तीव्र करायला एका गिनीपिगच्या पोटातून दुसऱ्याच्या पोटात असे कितीतरी वेळा नेले होते. बटाट्याच्या जातीकडून आपण किती घेतलंय याचा हिशोब मी मध्येच सोडून दिला.)

२ जून १८९८ ला कराचीत पॉल-लुई सिमों या फ्रेंच डॉक्टरने एका काचेच्या बरणीत प्लेगने मरणारा, पिसवांनी भरलेला उंदीर ठेवला आणि त्याला शिवू न शकणारा पण पिसवांच्या उडीच्या टप्प्यातला एक निरोगी उंदीर. काही दिवसांत दुसराही प्लेगने मेला. पिसू! त्यांनी हे छापलं आणि कोणी मानलं नाही. त्याच काळात इंग्रज सरकारने नेमलेल्या प्लेग कमिशननेही पिसवांची कल्पना बाजूला सारली. बरोबर रूट कॉज सांगणारा मेल मीटिंगमध्ये कोणी वाचलेलाच नाही, हे आपल्याला नवीन नाही. फरक इतकाच की इथे दर वर्षी लाखो माणसं मरत होती. सगळं मिळून भारतात या साथीने एक कोटीहून जास्त माणसं गेली.

आता १९०३. मुंबईच्या प्राणिसंग्रहालयात, म्हणजे भायखळ्याच्या आपल्या राणीच्या बागेत, पिंजऱ्यातले गिनीपिग मरायला लागले. परळच्या प्रयोगशाळेतले कॅप्टन विल्यम ग्लेन लिस्टन यांनी ते तपासले. प्लेग. आणि त्यांच्या अंगावर पिसवा. गिनीपिगवर एरवी पिसवा फारशा नसतात, त्याच्या स्वतःच्या पाहुण्या म्हणजे उवा. पेरूमध्ये एल याराल इथे जमिनीखाली सुमारे हजार वर्षांपूर्वीचे वाळलेले गिनीपिग सापडलेत, त्यांच्या केसांतही उवा मिळाल्या. मग मुंबईच्या गिनीपिगवर या पिसवा कोणाच्या? लिस्टन यांनी जात ओळखली. उंदराच्या. आज तिला झेनोप्सिला चिऑपिस म्हणतात. तिचं वर्णनही त्याच वर्षीचं, १९०३ चं, चार्ल्स रॉथशिल्ड यांनी सुदानमध्ये मिळालेल्या पिसवांवरून केलेलं.

म्हणजे घडलं असं: बागेतले उंदीर प्लेगने मेले. उंदीर गार पडला की पिसू त्याला सोडते आणि जवळ जे गरम अंग मिळेल त्यावर उडी मारते. जवळ होता गिनीपिग. हे कळल्यावर लिस्टन एका चाळीत गेले जिथे आधी उंदीर मेले होते आणि मग माणसांना पिसवा त्रास द्यायला लागल्या होत्या. माणसांच्या अंगावरच्या पिसवा गोळा केल्या तर जवळपास निम्म्या उंदराच्या निघाल्या. एरवी माणसाच्या अंगावर ही जात क्वचित दिसते. उंदराच्या जागी पिंजऱ्यातला गिनीपिग आणि गिनीपिगच्या जागी चाळीतला माणूस.

१९०५ मध्ये नवीन प्लेग कमिशन नेमलं गेलं. लिस्टर इन्स्टिट्यूटचे संचालक चार्ल्स मार्टिन आले, लिस्टन होते, आणि परळला जे प्रयोग झाले ते वाचताना मी अक्षरशः लॅपटॉपसमोर उभा राहिलो. इतकी स्वच्छ टेस्टिंग मी नोकरीत पाहिलेली नाही. प्लेग होऊन गेलेल्या घरांत गिनीपिग मोकळे सोडायचे. ते चालते-फिरते पिसवांचे सापळे. रात्रभरात त्यांच्या अंगावर उंदराच्या पिसवा जमायच्या आणि त्यातले काही प्लेगने मरायचे. मग एकेक व्हेरिएबल बदलायचा. दोन पिंजरे शेजारी शेजारी, एकाला पिसू आत जाऊ शकणार नाही अशी बारीक जाळी, दुसऱ्याला साधी. हवा तीच, जमीन तीच, वास तोच. बारीक जाळीतला वाचायचा. मग पिंजऱ्याभोवती माश्या पकडायच्या चिकट कागदाचा पट्टा, पिसवा त्यावर अडकलेल्या सापडायच्या. मग पिंजरा टांगायचा. जमिनीपासून दोन इंचांवर टांगलेल्यातला गिनीपिग मरायचा, दोन फुटांवरचा वाचायचा, कारण या पिसवेची उडी चार-पाच इंचांच्या वर जात नाही. हवेतून प्लेग पसरत असता तर दोन फुटांवर तो थांबला नसता.

मुद्दाम बांधलेल्या छोट्या कोठड्यांत त्यांनी उलटी बाजूही तपासली. पिसवा काढून टाकून आजारी आणि निरोगी गिनीपिग एकत्र ठेवले, खाणं एकत्र, घाण एकत्र. निरोगी तसेच राहिले. आजारी आईचं दूध प्यायलेली पिल्लंही तशीच राहिली. तीच व्यवस्था, पिसवा आत सोडल्या की मात्र मृत्यू सुरू. १९०६ पासून हे अहवाल छापून आले तेव्हा वाद संपला. (पिसू जीवाणू देते ते नेमकं कसं, तिची अन्ननळी जीवाणूंच्या गुठळीने तुंबते आणि ती भुकेने पुन्हा पुन्हा चावते, हे बेकट आणि मार्टिन यांनी १९१४ मध्ये दाखवलं.) सिमोंच्या बरणीनंतर आठ वर्षं. या आठ वर्षांत मुंबईत आणि पुण्यात जी घरं धुतली गेली, जी बिऱ्हाडं रस्त्यावर आली, त्यांच्याबद्दल काय लिहावं कळत नाही. माणसं हलवण्याने फायदा झाला असेलही, कारण ती मेलेल्या उंदरांपासून दूर गेली. पण का फायदा होतोय ते करणाऱ्यांनाही माहीत नव्हतं.

त्या अहवालांमध्ये गिनीपिगना नंबर आहेत. नंबर, वजन, किती पिसवा, कितव्या दिवशी मेला. मी बटाट्याला मांडीवर घेऊन हे वाचत होतो आणि तो माझ्या टी-शर्टची दोरी चावत होता.

बटाटा आता बरा आहे. दुसरा डोस गेल्या शनिवारी झाला, तिसरा पुढच्या आठवड्यात. पुन्हा आकडी आली नाही, पाठीवर मऊ नवीन केस येतायत, वजन ८४० वरून ८९० ग्रॅम. पिंजऱ्यातलं जुनं गवत आणि लाकडी घरकुल फेकून दिलं, बाकी सगळं गरम पाण्याने धुतलं. ताईला शेवटी सगळं सांगितलं, सिरपसकट. ती पाच मिनिटं काहीच बोलली नाही, मग म्हणाली, "कॅमेऱ्यासमोर धर त्याला."

पिंजरा मी टेबलावर हलवलाय, जमिनीपासून अडीच फूट. पिसवांसाठी नाही. खालच्या मजल्यावरच्या काकूंचं मांजर हल्ली बाल्कनीतून येतं.